खुंटीवरचा भीमसेन

हुबळीजवळच्या नवनगरातल्या बैठ्या घरांच्या त्या ओळीत भीमसेन दोन होते. एक रोज सकाळी डबा घेऊन बेलूरच्या कारखान्यात वेल्डिंग करायला जायचा. दुसरा त्याच घराच्या मागच्या खोलीत पाय वर करून टांगलेला, नाहीतर ट्रंकेत निजलेला असायचा. अंगापिंडानं पाहिलं तर नावाला शोभेल असा दुसराच. पहिला वेताच्या काठीसारखा सरळ आणि सुका. दुसरा रुंद छातीचा, काळाकुट्ट, पायांत जाड बूट. मुंडकं आणि पंजे तेवढे नव्हते.

हा दुसरा म्हणजे पाणबुड्याचा सूट. सगळं अंग जाड रबराचं, गळ्याला आणि मनगटांना पातळ रबराच्या चापून बसणाऱ्या पट्ट्या, पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पितळी दातांची चेन. आत शिरून चेन ओढली की माणूस तळाशी जाऊन तासभर काम करून आला तरी आतला बनियन कोरडा. अळणावरजवळच्या खेड्यातला भीमसेन नौदलात पाण्याखाली जायला शिकला, पेन्शन घेऊन परत आला आणि बेलूरला लागला. पण वर्षातून दोनदा, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, घाटातल्या धरणावरून त्याला बोलावणं यायचं. धरणाची लोखंडी दारं खालून तपासायची, त्यांच्या कडेचं रबर कुठं फाटलंय का ते हातानं चाचपून सांगायचं. तिथं तळाचं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. त्याच धरणावर कामाला आलेल्या नॉर्वेच्या एका लांबलचक माणसानं जाताना हा सूट भीमसेनला देऊन टाकला होता, वर एक जादा गळाही, म्हणजे गळ्याची ती रबरी पट्टी. माप त्याचं, म्हणून भीमसेन आत शिरला की खांद्यावर दोन माणसांपुरती जागा उरायची.

बेलूरच्या कारखान्यात भीमसेन सत्तर वेल्डरांतला एक. धरणावर मात्र साहेब स्वतः जीप पाठवायचे आणि "भीमसेनअण्णा" म्हणायचे. वर्षातले ते चार-सहा दिवस तो सरळ चालायचा. एरवीही सरळच चालायचा म्हणा, पण त्या दिवसांत ते लक्षात यायचं.

तर सूट घालणारा हा. पण घालायचं काम चार-सहा दिवसांचं. उरलेलं वर्ष त्याला सांभाळायचं कुणी? ती कथा चंद्राक्काची.

चंद्रभागा लग्न होऊन आली तेव्हा तिला विहिरीत वाकून बघायचीही भीती. पण सूट मिळाला त्या पहिल्या वर्षी भीमसेननं धरणावरून येऊन तो अंगणाच्या भिंतीवर उन्हात फेकला आणि जेवायला बसला. चंद्राक्का त्याच्या ताटात भाकरी टाकून बाहेर गेली आणि सूट उचलून आत सावलीत घेऊन आली. "अहो, त्या गोऱ्यानं ऊन लावू नका म्हणून सांगितलं होतं ना? तुम्हीच सांगत होता की मला." भीमसेन म्हणाला, "सांगितलं होतं खरं." त्या दिवसापासून सूट तिचा झाला.

सूट घरी आला की चंद्राक्का आधी चेन उघडून आत हात घालायची. नवऱ्याकडे बघायचं नंतर. छाती, पोट, मग कोपर बुडेपर्यंत पायांकडे. घामाचा ओलावा वेगळा आणि पाण्याचा वेगळा, हे तिच्या बोटांना कळायचं. हाताला पाणी लागलं नाही की मग, "आलात? पाणी तापलंय बघा." भीमसेन कारखान्यात सांगत सुटायचा, "मी तिकडं बुडालो असतो तरी हिनं पहिल्यांदा सूटचीच विचारपूस केली असती." ऐकणारे हसायचे. ती विचारपूस कुणाची होती हे त्या शहाण्याला कधी कळलं नाही, की कळून तो तसं बोलायचा, हे सांगणं कठीण आहे.

मग सूटची आंघोळ. धरणाचा गाळ निघेतो साधं पाणी, मग लहान मुलांच्या साबणाचं. चेनीचे दात जुन्या टूथब्रशनं घासायचे आणि त्यांच्यावरून मेणबत्ती फिरवायची. पायाला दोरी बांधून उलटा टांगायचा. बाहेरून वाळला की आतली बाजू बाहेर काढायची. शेवटी गळ्याला आणि मनगटांना पावडर. तीही सुवासिक चालायची नाही, सुवासाच्या तेलानं रबर खराब होतं. पंक्चरवाल्याकडचं साधं संगजिरं लागायचं. चेन कधी दुमडायची नाही. मऊ धोतराची वळकटी आत घालून सगळं सैलसर गुंडाळायचं आणि ट्रंकेत, चेन उघडी ठेवून. कौसल्याबाई शेजारून बघायच्या. त्यांचं बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. "एन री चंद्राक्का, झालं का बाळंतपण? बाळ शांत आहे की!"

"शांत आहे. तुमच्या नातवासारखं रडत नाही."

"तुमची सवतच ही री. पण सवत बरी आहे, उलट बोलत नाही."

या सवतीपायी घराची उलटापालट झाली होती ती निराळीच. रॉकेलचा स्टोव्ह व्हरांड्यात गेला. साड्यांच्या डांबरगोळ्या बंद होऊन कडुनिंबाचा पाला आला. फ्रिज घेतला तेव्हा तो मागच्या खोलीत मावत होता, पण मोटार चालली की रबराला ती हवा बाधते, असं त्या नॉर्वेवाल्यानं सांगून ठेवलेलं. म्हणून फ्रिज पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याला टेकून. येणारा पाहुणा देवाला नमस्कार करायचा तेव्हा निम्मा नमस्कार फ्रिजला जायचा.

असा हा संसार चालला होता. खोट एकच होती. भीमसेनची आई रुक्मिणीबाई, चंद्राक्का जिला आत्ती म्हणायची आणि भीमसेन अव्वा, तीन वर्षं या घराची पायरी चढली नव्हती. मागं एकदा ती आली होती तेव्हा सुनेला मदत म्हणून तिनं ट्रंकेतला सूट काढून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात पसरला होता. भीमसेननं ते पाहिलं आणि त्याची जीभ सुटली. "अव्वा, तुला काही कळतं का? हे काय पापड आहेत?" एवढंच तो बोलला, पण अव्वानं निम्म्या कुरडया वाळायच्या ठेवून अळणावरची बस धरली. पुढं निरोप पाठवले तरी उत्तर एकच, "मला काय कळतंय? मी आपली गावात बरी."

दोन हजार दोन सालच्या दसऱ्याला चंद्राक्का स्वतः जाऊन, हातापाया पडून तिला घेऊन आली. येताना बसमध्ये आत्तीनं विचारलं, "ते काळं अजून हाय का घरात?"

"आहे आत्ती."

"मग मी त्याच्या वाऱ्याला उभी राहणार न्हाई."

या शब्दाला जागली असती तर बरं झालं असतं.

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या भागात लोखंडाच्या खिळ्यालासुद्धा हळदकुंकू मिळतं. भीमसेन कारखान्याच्या पूजेला पहाटेच गेला. चंद्राक्का झेंडूसाठी हुबळीच्या बाजाराला गेली. पावसानंतरचं बोलावणं आठ-पंधरा दिवसांवर होतं, म्हणून तिनं सूट वाऱ्याला टांगून ठेवलेला. तीही दर नवमीला त्याची पूजा करायची, पण बेतानं: समोर जमिनीवर हळदकुंकू, एक फूल, लांबूनच नमस्कार.

बाजारातून परतायला तिला उशीर झाला, कारण त्या दिवशी बससुद्धा पूजा घेतल्याशिवाय हलत नाहीत. केळीचे खुंट बांधून झाले, हार झाले, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, मग ड्रायव्हर कोहळा फोडायला उतरला तो कुंकू विसरला म्हणून परत गेला. चंद्राक्का झेंडूची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीतून बघत राहिली.

घरी पोचली तर आत्ती मागच्या खोलीतून पदराला हात पुसत बाहेर येत होती. चेहऱ्यावर तीन वर्षांत नव्हतं असं समाधान.

"केली गं मी पूजा तुझ्या काळ्याची. राग धरून काय करायचंय? माझ्या लेकाला सांभाळतंय ते."

चंद्राक्का आत गेली. सूट आत्तीनं खुंटीवर सुलटा करून टांगला होता. छातीवर हळदकुंकवाची पाच बोटं, झेंडूचा हार, बुटांपुढं नारळ. आणि गळा चमकत होता. काठोकाठ, आतून बाहेरून, दोन्ही मनगटंसुद्धा.

"आत्ती, गळ्याला काय लावलंत?"

"तेल. एरंडेल. चांगलं चोळलंय." आत्ती जवळ आली. "आम्ही विळे-कोयते ठेवताना तेल लावतो, गंज धरत न्हाई. आणि तेलावर पाणी थारा धरतंय का? म्हटलं, गळ्यालाच लावावं. पाणी आत शिरायचं झालं तर तिथनंच शिरणार न्हवं?"

इतकं सरळ आणि इतकं मायेचं कारण होतं ते. रबराला तेल म्हणजे विष, हे तिला ठाऊक. लोखंडाला तेल म्हणजे आयुष्य, हे आत्तीला ठाऊक. चंद्राक्कानं हार काढला, नारळ बाजूला ठेवला आणि सूट न्हाणीत नेला. साबणानं एकदा, दोनदा, चारदा. आत्ती दारात उभी राहून बघत होती. तिचं समाधान हळूहळू उतरत गेलं.

"चुकलं व्हय गं काही?"

"नाही आत्ती. धूळ होती जरा."

दुसऱ्या दिवशी कळलं. मनगटांच्या पट्ट्या गळ्यापेक्षा जाड होत्या, त्या निभावल्या. गळ्याची कड मात्र लाटेसारखी फुगली, चिकट झाली आणि दोन बोटांनी ताणल्यावर एके ठिकाणी चिरली. त्याच दुपारी कौसल्याबाईंनी भिंतीवरून हाक मारली, "चंद्राक्का, धरणाहून फोन री! सोमवारी जीप येते म्हणे."

आता चंद्राक्कानं काय करावं? भीमसेनला सांगितलं असतं तर त्यानं सूट पाहिला असता, मग आईकडे पाहिलं असतं, आणि मग ती जीभ. अळणावरची बस काही लांब नव्हती. या वेळी अव्वा गेली असती ती कायमची. शिवाय धरणाचं काम गेलं असतं. गोव्याची एक टोळी त्या कामासाठी टपून होतीच. एकदा ती आली की भीमसेनअण्णाला पुन्हा कुणी जीप पाठवणार नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर, काम गेलं तर जाऊ दे, असंही एक मन म्हणत होतं. भीमसेन आता काही पोरगा राहिला नव्हता. तो पाण्यात उतरायचा त्या दिवशी चंद्राक्काच्या घशाखाली घास उतरत नसे. भाकऱ्या थापायची आणि कौसल्याबाईंच्या गाईला घालायची. गाय त्या दिवसांची वाट बघत असावी. आता देवानंच, तेही आईच्या हातून, दार बंद केलं होतं. नुसतं गप्प बसायचं आणि सोमवारी सकाळी गळा दाखवायचा: अहो, जुना झाला, फाटला. झालं.

तो जादा गळा तिच्याकडे होता. लोकांनी विचारलं असतं तर भीमसेननंही सांगितलं असतं की तो कधीच कुजला असेल. रबर ते, आठ वर्षं कसं टिकणार? पण चंद्राक्कानं तो संगजिऱ्यात घोळून, पिशवीत बांधून, स्टीलच्या डब्यात घालून ज्वारीच्या कणगीच्या तळाशी ठेवला होता. ऊन नाही, वारा नाही, वास नाही. दर संक्रांतीला पावडर बदलायची. तिनं डबा काढून झाकण उघडलं. गळा तळहाताएवढ्या झोपलेल्या पिल्लासारखा मऊ होता. तिनं तो ताणला, सोडला. चटकन जागेवर आला.

अर्धा दिवस तो डबा तिनं मांडीवर घेऊन घालवला. मग उठून पंक्चरवाल्याकडे सोल्यूशन आणायला गेली. पाण्यात जाणारा माणूस न गेला तर किती उंचीचा उरेल, याचा तिनं हिशेब केला असावा.

अडचण दोन. गळा चिकटवायचा तर आतून काहीतरी गोल, गुळगुळीत घालून सूटची कड ताणायला हवी. पितळेची कळशी चालणार नाही, तांब्या-पितळेशी गळ्याच्या या पातळ रबराचं वाकडं. भीमसेन कारखान्यात गेल्यावर ती घरभर डबे शोधत फिरली तेव्हा आत्ती शेवटी म्हणाली, "लपवू नको. माझ्या तेलानं घाण केली न्हवं?"

चंद्राक्का थांबली. "केली आत्ती. पण आता ओरडायला वेळ नाही. मदत करता? गळ्यात घालायला काहीतरी गोल हवंय."

"ओरड की. तू न्हाईस ओरडत म्हणून तर बसावं वाटंना." मग आत्ती उभी राहिली. "गोलच पायजे न्हवं? माझं डोकं घे."

"तुमचं डोकं काढून कसं ठेवू दोन दिवस?"

आत्तीनं इकडंतिकडं पाहिलं आणि फळीवरची चिनी मातीची लोणच्याची बरणी उचलली. गोल, गुळगुळीत, भीमसेनच्या मुंडक्याएवढी. लोणचं पातेल्यात गेलं. आत्तीनं बरणी सोड्यानं घासली, राखेनं घासली, पुन्हा सोड्यानं. तेलाचा मागमूस राहू नये म्हणून ती अशी घासत होती, जसं काही तीन वर्षं आणि एक नवमी त्या बरणीलाच चिकटली आहे.

दुसरी अडचण मापाची. नवा गळा निमुळता, नरसाळ्यासारखा. ज्याच्या गळ्याला बसवायचा त्याच्या मापानं कापायचा. जास्त कापला तर पाणी आत, कमी कापला तर माणूस गुदमरणार. जुना तर फुगून बसलेला, त्याच्यावर काय माप घ्यायचं? संध्याकाळी भीमसेन चहा पीत असताना चंद्राक्का मागून आली आणि त्याच्या गळ्याभोवती दोरा धरला.

"हे काय? फास?"

"दिवाळीला सदरा शिवायला टाकते. मान ताठ ठेवा."

"लग्नाला सतरा वर्षं झाली, कधी माप घेतलं नाहीस. आता बारीक झालो काय?"

"गप्प बसा हो. बोललं की गळा फुगतो."

कोपऱ्यात आत्ती उगाचच खोकली.

कासार बांगडी भरताना हातापेक्षा जरा लहानच निवडतो, तसं चंद्राक्कानं दोऱ्यावरून थोडं आत माप धरलं. कात्री तिनं चालवली, बरणी आत्तीनं धरली. दोघींनी श्वास घेतला नाही. बरणीच्या तोंडाशी रबराचं कडं निघून आलं तेव्हा एकदम सोडला. जुना गळा कापून सूटची कड घासली, सोल्यूशनचा एक हात, वाळवून दुसरा, मग गळा बसवून वरून दाबलं. मधले दिवस सूट ट्रंकेत बरणीवर डोकं टेकवून निजला.

रविवारी दुपारी भीमसेन सायकल घेऊन मित्राकडे गेला तेव्हा परीक्षा. मनगटांत पेले खोचले, गळ्यात बरणी, चेन ओढली आणि छातीच्या झडपेतून पंपानं हवा भरली. सूट हळूहळू उठून बसला. सगळी ओळ अंगणात जमली.

"अय्यो, भीमसेनअण्णाला काय झालं री? एवढा सुजला!" कौसल्याबाई.

"खाऊन खाऊन झालंय," आत्ती म्हणाली आणि साबणाचा फेस गळ्याभोवती फिरवू लागली. दोघी वाकून बघत राहिल्या. कुठं बुडबुडा उठतो का? फेस नुसता बसून राहिला. आत्तीनं हळूच त्या काळ्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी जीप आली. भीमसेन सूटची गुंडाळी खांद्यावर टाकून गेला. चंद्राक्कानं भाकऱ्या थापल्या, गाईनं खाल्ल्या. या वेळी एक फरक होता: आत्तीही जेवली नाही. दोघी व्हरांड्यात बसून उडीद निवडत होत्या. निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या.

"दर बारीला अशीच बसतीस काय गं?"

"हो."

"आणि तूच तयार करून धाडतीस."

चंद्राक्कानं सुपातले उडीद हलवले. "दुसरं काय करू आत्ती? खाली मला उतरता येत नाही."

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना जीप परत आली. भीमसेननं गुंडाळी व्हरांड्यात ठेवली. चंद्राक्का बसली, चेन उघडली आणि हात आत घातला. छातीपाशी घामाचा दमटपणा. पोट. पाय. मग हात वर आणून तिनं गळ्याच्या आतून बोट फिरवलं, पूर्ण गोल. कोरडा. ती तिथंच बसून राहिली, हात आतच.

"कोरडा आहे," भीमसेन वरून म्हणाला. "जरा घट्ट आहे. पण बसलाय चांगला."

तिनं वर पाहिलं.

"सोमवारी गळ्यात घातला तेव्हाच कळलं. नवा गळा, आणि लिंबाच्या लोणच्याचा वास. साठ फूट खाली तोंडाला पाणी सुटत होतं मला."

आत्ती उठली. आत जाऊन आपली पिशवी घेऊन येईल असं चंद्राक्काला वाटलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली, आणि मुलगा बोलण्याआधीच बोलली, "मीच तेल लावलं हुतं. बोल काय बोलायचंय ते."

भीमसेननं चपला काढल्या, पाय झटकले. जीभ सुटायला भरपूर वेळ होता. "अव्वा, पुढच्या नवमीला कोयत्याला लाव," तो म्हणाला. "आणि ती बरणी आता लोणच्याला देऊ नको. माझं मुंडकं आहे ते."

अव्वानं पदर तोंडाला लावला. हसली की काय ते दिसलं नाही. बस मात्र त्या दिवशी तिच्यावाचून अळणावरला गेली, आणि पुढच्याही बऱ्याच गेल्या.

"आणि माझा सदरा कुठाय?" भीमसेननं विचारलं.

सदरा अर्थातच नव्हता. तो दिवाळीला झाला. गळा मात्र त्याचा ढगळ निघाला.

त्या संध्याकाळी सूटला आंघोळ घालताना चंद्राक्कानं विचारलं, "अहो, अजून किती वर्षं जाणार खाली?"

भीमसेन न्हाणीच्या दाराला टेकून उभा होता. "आता जादा गळा उरला नाही," तो म्हणाला. "हा टिकेल तोवर जाईन. हा गेला की बस्स. शपथ."

चंद्राक्कानं सूट टांगला. सूट वाळला, उलटला, पुन्हा वाळला. आत्तीनं संगजिऱ्याचा डबा धरला. चंद्राक्कानं चिमूट घेतली आणि गळ्याच्या कडेपाशी तिचा हात क्षणभर थांबला. एवढंच करायचं होतं: एखादी जागा तशीच सोडायची, एखादं वर्ष पावडर विसरायची. रबरच ते. त्याला कुठं बोलता येतं?

मग तिनं बोटानं पावडर काठापर्यंत नेली, आतून फिरवली, बाहेरून फिरवली, आणि एक घडी राहिली होती ती उघडून तिथंही लावली.

"बास की गं," आत्ती म्हणाली, "असं केलंस तर ह्यो गळा वीस वर्षं जायचा न्हाई."

"हो ना आत्ती," चंद्राक्का म्हणाली, "तेच तर," आणि डब्यातून आणखी एक चिमूट घेतली.